पाणी न लागणारी गाडी

तेर, जि. धाराशिव
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. अक्कास,

बजरंगचा नमस्कार. दाजींनाही नमस्कार सांग. सृष्टीला सांग, मामाने तिच्यासाठी चिंचा फोडून ठेवल्या आहेत.

पत्र बघून घाबरू नकोस. सगळे धडधाकट आहेत. ज्वारीची काढणी चालू असल्यामुळे गावात माणूस सापडत नाही. आई गुडघ्याला तेल चोळते आणि आप्पांना बोलते, म्हणजे तीही ठीकच आहे.

पत्र अशासाठी की फोनवर मला बोलता येत नाही. तुझा फोन आला की आप्पा तो स्पीकरवर टाकायला लावतात, आई मध्येच शेजारणीची तक्रार सांगते, आणि तू ‘बरं बरं, ठेवते’ म्हणतेस. लिहिताना कुणी मध्ये बोलत नाही. सेवा केंद्रात दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज टाइप करतो, आज एक स्वतःचा.

विषय गाडीचा आहे. कासव दुरुस्त होईपर्यंत आप्पांनी दुसरी गाडी घ्यावी आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्याच गाडीतून सृष्टीला न्यायला ईटला यावं, असं तू म्हणालीस. तेव्हापासून आप्पांना दुसरं काही सुचत नाही. रोज सकाळी दाढी करून विचारतात, ‘गाडी बगायला कवा जायचं?’

दाजी परवा म्हणाले की एखादी साधी मारुती का बघत नाही. तू त्यांना समजावून सांग. आप्पांचं कासव म्हणजे जुनी गोल पाठीची बीटल. तेरणा प्रकल्पावरच्या इंजिनिअरने बदली झाली तेव्हा आप्पांना विकलेली. इंजिन मागे, डिकी पुढे, आणि इंजिन वाऱ्यावर थंड होतं. रेडिएटर नाही, पाणी नाही. दाजींना लग्नानंतरचा तो तांब्या आठवत असेल. आप्पांनी त्यांच्या हातात दिला आणि ‘जावईबापू, गाडीत पाणी ओता’ म्हणाले. दाजी पुढचं-मागचं झाकण उघडून पाणी ओतायची जागा शोधत फिरले आणि सगळी गल्ली हसली.

तर आप्पांचं म्हणणं असं, की बदली गाडीसुद्धा हवेवरचीच पाहिजे. ‘पाण्याच्या गाडीत बसलो की कान बिगडतो,’ म्हणतात. ‘कासवाचा आवाज इसरला तर त्याला काय झालंय ते कळायचं कसं?’ तीस वर्षं एस.टी. चालवलेला माणूस, रोज सकाळी डेपोत बसच्या रेडिएटरमध्ये पाणी ओतायचा आणि संध्याकाळी घरी येऊन बिनपाण्याच्या गाडीवर फडकं मारायचा. त्यांच्या कानाबद्दल मी काय बोलणार?

आतापर्यंत तीन गाड्या बघितल्या.

पहिली बार्शीला. ती तीन चाकांची होती, स्कूटरसारखं इंजिन असलेली, पूर्वी बंगळूरकडे बनायची तसली. आप्पांनी लांबूनच बघितली. ‘ही गाडी न्हाय, कोंबड्याचा खुराडा हाय,’ म्हणाले आणि चहा पिऊन आम्ही परत आलो.

दुसरी सोलापूरला, एका धाब्याच्या दारात शोभेला उभी केलेली लाल बीटल. मी खिशात लोहचुंबक घेऊन गेलो होतो. दाराखाली लावलं, चिकटलं नाही. चाकावरच्या पत्र्याला लावलं, तिथूनही पडलं. पत्रा नव्हताच, पुट्टी होती सगळी. धाबेवाला म्हणाला, ‘भाऊ, गाडी बघायलात का सोयरीक?’ मी त्याला इंजिनावरचा नंबर दाखवला. कानशीने घासलेला होता. मला नवल याचं वाटलं की आप्पा म्हणाले, ‘बरी हाय की, घिऊन टाकू.’ इंजिन चालू करून त्यांनी ऐकलंसुद्धा नाही.

तिसरी मुरूमला, उमरग्याजवळ. शिवलिंगप्पा नावाचे किराणा दुकानदार आहेत, त्यांच्याकडे हवेच्याच इंजिनाची जुनी व्हॅन आहे, पुढून सपाट तोंडाची. ही मला आवडली. चुंबक सगळीकडे चिकटलं. पण ऐक. आप्पा आणि शिवलिंगप्पा चक्कर मारायला गेले, मी दुकानात कागदपत्रं तपासत बसलो. जाताना आप्पा चालवत होते. येताना शिवलिंगप्पा चालवत होते. आप्पा डाव्या बाजूला गप्प बसलेले. आणि शिवलिंगप्पा उतरल्या उतरल्या म्हणाले, ‘गाडी द्यायची न्हाय मला.’

मी विचारलं, का? सकाळी तर द्यायची होती.

‘मन व्हईना,’ म्हणाले आणि गिऱ्हाइकाला साखर मोजायला लागले. माझ्याकडे बघेनात.

अक्का, रस्त्यात ब्रेक गेला असणार, किंवा गिअर अडकला असणार, आणि ते आम्हाला कळू नये म्हणून त्याने स्टिअरिंग हातात घेतलं असणार. नाहीतर घरी आलेलं गिऱ्हाईक कोण परत पाठवतो? आप्पांना विचारलं तर म्हणाले, ‘गाडी चांगली हाय, माणूस येडा हाय.’

आणखी एक गोष्ट आहे, ती कुणाला बोलू नकोस. गॅरेजवाल्या बाबामियाँवर माझा विश्वास राहिलेला नाही. डिसेंबरातल्या अमावस्येला, येळवशीला, तू आली होतीस तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, संक्रांतीपर्यंत कासव उभं करतो. आता शिवरात्र आली. विचारलं की ‘पार्ट आया नहीं रे बाबा’. मी स्वतः पार्सल उघडून बघितलं होतं, सगळे पार्ट जानेवारीतच आले आहेत. इंजिनावर ताडपत्री टाकून ठेवली आहे आणि मी उचलायला गेलो की मला चहा आणायला पाठवतात. आप्पांचे ते जुने दोस्त आहेत हे खरं, पण आपल्या इंजिनाला हैदराबादेत मागणी आहे हेही खरं.

आप्पांची तब्येत चांगली आहे. जेवण वेळेवर आहे. परवा ते वेशीपर्यंत गेले आणि तिथून, पण ते काही लिहिण्यासारखं नाही.

सृष्टीला तेवढं अजून काही कबूल करू नकोस. धड गाडी मिळाली नाही तर तिचा हिरमोड होईल.

तुझा,
बजरंग


तेर
मंगळवार, १८ मार्च २०२५

ती. सौ. अक्कास,

नमस्कार. तू फोनवर मला बोललीस ते सगळं आप्पा-आईने ऐकलं, कारण तो स्पीकरवर होता. ‘तुला प्रत्येक गाडीत खोट दिसते, पोरींच्या पत्रिकेतसुद्धा तू पुट्टी शोधतोस’ हे तुझं वाक्य आईला इतकं आवडलं की तिने ते गल्लीत सांगितलं. असू दे. पण ‘तुला आप्पांना गाडी घेऊनच द्यायची नाही’ असंही तू म्हणालीस. त्यावर आप्पांनी माझ्याकडे जसं बघितलं, तसं यापूर्वी कधी बघितलेलं नाही. जसा काही मी त्यांच्या घरात शिरलेला परका माणूस आहे.

मी रागावून लिहीत नाही. रविवारी जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. त्यातून काय समजायचं ते मला कळत नाही. तू शाळेत मुलांना धडे समजावतेस, तूच सांग.

सकाळी आप्पा म्हणाले, चल, कासवाचं कुठवर आलंय बघू. बाबामियाँच्या गॅरेजवर तीन-चार माणसं टेकलेली होती. रोज्याचे दिवस, त्यामुळे बाबामियाँ स्वतः कोरड्या तोंडाने काम करत होते. कासव विटांच्या थप्प्यांवर उभं आहे, चाकं काढलेली. आप्पांनी पुढचं झाकण उचललं आणि डिकीच्या रिकाम्या पत्र्याकडे वाकून बघत राहिले.

‘रेडिएटर कुठंय?’

सगळे हसले. त्यांची ही थट्टा गावात कुणाला माहीत नाही? बाबामियाँही हसले. ‘हौ बलभीमभाऊ, तांब्या आणाया पोरगं पाठवलंय.’

आप्पा हसले नाहीत. त्यांनी झाकण हळूच खाली केलं.

‘म्या रेडिएटर इचारलं, बाबामियाँ. हितं हुतं. काढलंस कवा?’

‘अरे भाऊ...’

‘तुझ्या घरचा शिरखुर्मा खाल्ला म्या. माझ्या लेकीच्या, सोनालीच्या लग्नात वऱ्हाडाच्या पंक्तीत तू जिलबी वाढलीस. आन माझ्याच गाडीचं रेडिएटर इकून खाल्लंस?’

बाकावरचा एक जण अजून हसतच होता. ‘अण्णा, लई भारी मारलाव,’ म्हणाला. मग तोही थांबला. बाबामियाँच्या हातात पाना होता, तो त्यांनी जमिनीवर ठेवला आणि उठून आत गेले. आत जाऊन काही केलं नाही, नुसते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला दिसत होतं.

अक्का, गेला महिनाभर मी मनात त्या माणसाला चोर म्हणत होतो. पण आप्पांनी तोंडाने म्हटल्यावर मी जमिनीवरचा पाना उचलून पेटीत ठेवला आणि आप्पांना घेऊन निघालो.

घरी आल्यावर आप्पांनी मला पाटावर बसवलं. ‘लिही अर्ज. पोलीस ठाण्यात द्यायचाय. तू लोकांचं लिवतूस की, आज बापाचं लिही.’

आई चुलीजवळून म्हणाली, ‘लिही की, काय हुतंय? त्यांच्या मनाचं समाधान.’

मी लिहिला. विषय: मोटारीचे रेडिएटर चोरीस गेल्याबाबत. महोदय, मी खाली सही करणार बलभीम अमुक तमुक, राहणार तेर. सगळं लिहिलं. आप्पांनी चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं आणि एका जागी बोट ठेवलं. ‘बाबामियाँच्या नावावरचा चंद्रबिंदू राह्यलाय. नीट लिही त्याचं नाव. चाळीस वर्षांचा दोस्त हाय माझा.’

मी चंद्रबिंदू दिला. त्यांनी खाली सही केली.

साहेब गावात नाहीत असं सांगून मी तो अर्ज खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाबामियाँ सायकलीला एक जुनं रेडिएटर बांधून आपल्या दारात आले. कुठल्यातरी मोडीत निघालेल्या जीपचं असेल. अंगणात उभे राहून म्हणाले, ‘बलभीमभाऊ, सापडलं तुमचं. पोरांनी चुकून भंगारात टाकलं हुतं. माफ करा.’

आप्पा ओट्यावर चहा पीत होते. त्यांनी रेडिएटरकडे बघितलं, मग बाबामियाँकडे, आणि मोठ्याने हसले.

‘कासवाला रेडिएटर? अरं बाबामियाँ, म्हातारा झालास का? जिंदगी गेली तुझी गाड्याखाली, आन हवेच्या गाडीला रेडिएटर आणतुयास?’

बाबामियाँही हसायला लागले. ‘क्या करूं भाऊ, रोज्यात डोकं चालंना.’ आप्पांनी त्यांना हाताला धरून ओट्यावर बसवलं, मग रोजा आहे हे आठवून आपलाही चहा बाजूला सारला. दोघं तासभर जुन्या गोष्टी बोलत बसले. आप्पांना सगळं आठवत होतं. कळंब डेपोचा पंक्चरवाला, तुझ्या बारशाच्या दिवशी बुडालेली ड्युटी, सगळं. अर्ज माझ्या खिशात होता.

तर आता सांग. रविवारची ती थट्टा होती का? आप्पा आमची गंमत करत होते का? आई म्हणते, होती. ‘तुमास्नी काय कळतंय त्यांची चेष्टा?’ म्हणते. पण मी त्यांचा चेहरा बघितला होता. सोमवारचे आप्पा खरे असतील तर रविवारी कोण होतं? आणि मे महिन्यात येडशीच्या पुढे हायवेवर, दोन्ही बाजूंनी ट्रक, शेजारी सृष्टी, त्या दिवशी स्टिअरिंगवर यातलं कोण असेल?

सृष्टीला आप्पांच्या गाडीत बसवू नकोस. तुझ्या मनाला लागेल, तरी लिहितो. मी उद्या मुरूमला जाणार आहे, त्या शिवलिंगप्पांकडे. त्यांनी त्या दिवशी रस्त्यात काय बघितलं ते मला ऐकायचं आहे. खरं सांगायचं तर ऐकायचं नाही, पण जातो.

हे पत्र दाजींना दाखव. शाळेत ठेवू नकोस.

तुझा,
बजरंग


तेर
रविवार, २० एप्रिल २०२५

ती. सौ. अक्कास,

साष्टांग नमस्कार.

तू येऊन आप्पांना बघून गेलीस, आणि चार तास ते तुझ्याशी इतकं नीट बोलले की जाताना तू माझ्याशी न बोलता एस.टी.त बसलीस. तुझी चूक नाही. तुझ्या जागी मी असतो तर मलाही हा भाऊ काहीतरी कपट करतोय असंच वाटलं असतं. त्यावर तुझा फोनही आला नाही, म्हणून आधी जे सांगायचं राहिलं ते सांगतो.

शिवलिंगप्पांनी मला दुकानात मागे नेलं आणि गुळाचा खडा हातावर ठेवला. मग म्हणाले, ‘तुमच्यासमोर कसं सांगावं म्हून त्या दिवशी बोल्लो न्हाय. लेकरासमोर बापाचं उघडं करू ने.’

चौकात एस.टी.चा थांबा आहे. आप्पांनी व्हॅन बरोबर तिथे, रस्त्याच्या मध्ये नव्हे, थांब्याला लावून उभी केली आणि वाट बघत बसले. रस्ता अरुंद, मागे उसाचे ट्रॅक्टर, ट्रक, सगळे अडकून हॉर्न मारायला लागले. शिवलिंगप्पा म्हणाले, अप्पाजी, चला की. आप्पा म्हणाले, ‘माणसं चढायलीत. बेल न्हाय झाली अजून.’

‘म्या उतरून तिकडून आलो, त्यास्नी अलीकडं सरकवलं,’ शिवलिंगप्पा म्हणाले. ‘रागावले न्हाईत. मला म्हनले, तुमी नवे दिसताव डेपोत. अशा माणसाला गाडी इकून म्या कुठं फेडू?’

पहिल्या पत्रात मी या माणसाबद्दल जे लिहिलं आहे, ते पान फाडून टाक.

तिथून मी घरी न जाता गॅरेजवर गेलो आणि बाबामियाँना न विचारता ताडपत्री उचलली. खाली इंजिन पूर्ण जोडलेलं होतं. पट्टा, पंखा, सगळं. बघून कळत होतं की महिन्यांपूर्वीच झालेलं आहे.

‘संक्रांतीलाच झालंय,’ बाबामियाँ मागून म्हणाले. ‘तुझा बाप येळवशीनंतर हितं आला हुता. गाडीत बसला आन मला इचारतो, बाबामियाँ, क्लच कुठल्या पायाला रे? मी हसलो. तो न्हाय हसला. मग कशी देऊ गाडी? दिली तर चालवल. न्हाय दिली तर मी चोर.’ त्यांनी ताडपत्री परत ओढली. ‘चोर बरा.’

मी आईला सांगितलं. आईने मला घरातून बाहेर काढायचंच बाकी ठेवलं. ‘कुणी भरवलं तुला? त्या मुरूमच्या वाण्यानं? अरं, ह्यांनी धो धो पावसात घाटातनं गाडी काढली, एका माणसाला खरचटू दिलं न्हाय. बेल न्हाय झाली म्हनले तर काय झालं? सवय असती माणसाला.’ मग ती भाकरी थापत राहिली आणि तव्यावरची करपली तरी तिला कळलं नाही. दोन दिवसांनी तीच म्हणाली, धाराशिवला डॉक्टरला दाखवू.

दाखवलं. डॉक्टरांनी त्यांना घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. काटे त्यांना जमले नाहीत. आकडे सगळे एकाच बाजूला आले. या आजाराला मराठीत स्मृतिभ्रंश म्हणतात. मी शब्दकोशात तपासून लिहिला आहे. डॉक्टर म्हणाले, गाडी बंद. आप्पा बाहेर येऊन म्हणाले, ‘डॉक्टर पोरगं हुशार हाय, पण गाडीतलं त्याला काय कळतंय?’

आता गाडी बंद कशी करायची? किल्ली लपवली तर चोरीचा आळ, कासव दिलं नाही तर बाबामियाँ चोर, आणि काहीच नाही दिलं तर ते सकाळी दाढी करून वेशीपर्यंत चालत जातात आणि बसची वाट बघत उभे राहतात. पहिल्या पत्रात मी जे अर्धं सोडलं ते हेच होतं. मला ते तेव्हापासून माहीत होतं. तरी मी गाड्यांना चुंबक लावत फिरत होतो.

म्हणून मी गाडी निवडली. शिवलिंगप्पांची व्हॅन. मी त्यांना म्हणालो, गाडी मी चालवणार. ते म्हणाले, ‘मग ने. आजच ने.’ चारचाकीचा परवाना माझ्याकडे आहेच, आप्पांनीच काढून दिला होता. फक्त कासवाच्या स्टिअरिंगला त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही. पंधरवडाभर व्हॅन गॅरेजवर ठेवून बाबामियाँनी मला तेरणेच्या कडेच्या कच्च्या रस्त्यावर शिकवलं. मी इतका हळू चालवतो की एकदा एका म्हशीने आम्हाला मागे टाकलं. बाबामियाँ म्हणाले, ‘बाबा, हिला तरी साईड दे.’

मागच्या गुरुवारी व्हॅन घरी आणली. अंगणात लावली, मी हात धुवायला गेलो, आणि परत येतो तर आप्पा ड्रायव्हरच्या जागेवर बसलेले. किल्ली तशीच राहिली होती. इतका जपणारा मी, आणि किल्ली विसरलो.

आई म्हणाली, ‘उतरा की.’

‘ड्युटी हाय माझी.’

‘कसली ड्युटी? रिटायर झालाव तुमी.’

ते तिच्याकडे बघेनात. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर पेरूच्या झाडावर. बाबामियाँ आले, ते म्हणाले, भाऊ, चहा घेऊ. नाही. मी म्हणालो, आप्पा, ऊन लागतंय, खाली या. तेही नाही. त्यांचा घाम निथळत होता. किल्लीवर हात गेला की मी गाडीच्या पुढ्यात सरकायचो. समोर रस्त्यावर शेजारची पोरं खेळत होती.

मग ते चिडून म्हणाले, ‘दुसरा ड्रायव्हर आल्याबिगर गाडी सोडता येत न्हाय. कायदा हाय. बदली आलाय का?’

मी का बोललो माहीत नाही. मी म्हणालो, ‘आलोय.’

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बराच वेळ बघितलं. ‘कोण? दगडोबा?’

दगडोबाकाका तुला आठवत असतील, कळंब डेपोचे, आप्पांची गाडी पुढे तेच घेऊन जायचे. कोरोनाच्या वर्षी वारले.

‘व्हय,’ मी म्हणालो.

आप्पा लगेच उतरले. कपाळ पुसलं, किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि सगळा चार्ज दिला. ब्रेक जरा डावीकडे ओढतो. हॉर्न दाबून धरावा लागतो. तिसरा गिअर घालताना घाई करायची नाही. येडशीच्या पुढे ट्रकवाले मातले आहेत, त्यांच्या नादाला लागायचं नाही. सगळं बरोबर होतं, अक्का. एकाच चकरेत त्यांनी या गाडीचं जे जे ओळखलं होतं, ते मला कागदं तपासूनही कळलं नव्हतं. मग ते वळसा घालून डाव्या जागेवर जाऊन बसले आणि डोळे मिटले, ड्युटी संपलेला माणूस बसतो तसे.

मी गाडी काढली. येडशीपर्यंत गेलो. चढावर मी तिसऱ्यातच रेटत होतो, तेव्हा डोळे मिटलेलेच ठेवून आप्पा म्हणाले, ‘बजरंग, गिअर बदल. इंजिन रडायलंय.’

मी गिअर बदलला. त्यांच्याकडे वळून बघितलं नाही.

तेव्हापासून रोज असंच चालू आहे. अंगणात ते मला दगडोबा म्हणून किल्ली देतात, आणि पुढे कुठेतरी मी बजरंग होतो. माझा स्वभाव तुला माहीत आहे. मला शंका आली की ती मी तपासल्याशिवाय सोडत नाही. आता एक शंका आहे. त्या दिवशी अंगणात त्यांनी मला ओळखलं होतं का? आई, बाबामियाँ, शेजारी सगळे बघत असताना पोराच्या हातात किल्ली देणं त्यांना जमलं नसतं, आणि दगडोबाच्या हातात जमलं, असं तर नाही? मी विचारणार नाही. तूही विचारू नकोस.

सृष्टीचा पेपर संपला की कळव. मी चालवीन, आप्पा डावीकडे, सृष्टी मागे आईजवळ. मी हळू चालवतो, ईटला पोचायला दुपार होईल, जेवायला थांबू नका. आजोबा मला वेगळ्या नावाने हाक मारतील, तेव्हा तिने हसू नये एवढं तिला आधी सांगून ठेव. आणि तू दारात येशील तेव्हा किल्ली कुणाच्या हातात आहे ते बघ, म्हणजे मी पत्रात लिहिलेलं एकही अक्षर तुला वेगळं पटवून द्यावं लागणार नाही.

सृष्टीला आणि आप्पांना, दोघांनाही सुखरूप आणून सोडीन.

तुझा धाकटा भाऊ, आणि आप्पा म्हणतील तो,
बजरंग